वच्छलाच्या विमानाचे साडेतेवीस तास

पिपरटोल्याच्या शाळेत मी बावीस वर्षं काढली, आणि त्या बावीस वर्षांत माझ्यापेक्षा हुशार माणूस मला एकच भेटला. त्याला वाचता येत नव्हतं. हे मी आता मोकळेपणाने लिहितो आहे. त्या वेळी कोणी तोंडावर म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी महिनाभर बोललो नसतो. माझा स्वभावच तसा आहे आणि पेन्शनीत निघाल्यावरही तो सुधारलेला नाही.

माणसाचं नाव मुखरू. सगळं गाव मुखरूभाऊ म्हणायचं. जंगलखात्याच्या मोजणीत तो जरीबवाला होता. जरीब म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी. लांबी सहासष्ट फूट, आणि अशा ऐंशी जरिबा झाल्या की एक मैल. आलापल्लीपासून भामरागडापर्यंत आणि खाली पार सिरोंच्याच्या वेशीपर्यंत त्या साखळीचं टोक धरून तो चाळीस वर्षं चालला. इतकं चालल्यावर मैल डोक्यात ठेवायची गरज उरत नाही, ते पायांतच उतरतात. मी गावात नवा होतो तेव्हा त्याला विचारलं होतं, इथून मार्कंड्याचं देऊळ किती लांब? तो म्हणाला, नऊ मैल आणि वर सहा जरिबा. पुढे सडक झाली, गावापासून मैलाचे दगड रोवले गेले. मी मुद्दाम दोरी घेऊन गेलो आणि नवव्या दगडापासून देवळाच्या घाटाच्या पायरीपर्यंत मोजलं. सहा जरिबा आणि वर दोन हात भरले. ते दोन हात घेऊन मी तरातरा परत आलो आणि त्याला ऐकवले. त्याने शांतपणे विचारलं की खालची पायरी पुरात वाहून गेली, ती धरून मोजलं की सोडून? पुजाऱ्याला विचारलं तर खरंच एक पायरी गेली होती. मी तीन दिवस त्याच्या घरावरून गेलो नाही.

तो इतका काटेकोर का, हे मला फार उशिरा कळलं. कारण त्याच्या घरातच होतं. त्याची बायको रुखमाबाई. तिच्या माहेरी एक रीत होती, वाटेचा उपास. घरचं माणूस लांबच्या वाटेला लागलं की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे राहिलेल्यांपैकी कोणीतरी एकाने तोंडात अन्न घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. पोचल्याची बातमी यायला त्या जंगलात आठवडे लागायचे, म्हणून बातमीची वाट पाहायची नाही. निघताना माणूस जी वेळ सांगून जाईल ती झाली, की जेवायचं.

लग्न झालं त्या वर्षी मुखरूभाऊ पहिल्यांदा मोजणीला निघाला आणि सहज बोलून गेला की उद्या दुपारपर्यंत पोचीन. वाटेत नाल्याला पूर आला. दुपारी रुखमाबाई जेवली, तेव्हा हा गडी झाडाला मिठी मारून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. दोन महिन्यांनी घरी येऊन त्याने मोठ्या फुशारकीने ती हकिगत सांगितली. ती ऐकून रुखमाबाईने त्याच्याशी बोलणंच टाकलं. आपण भाताचे घास घेत होतो आणि हा पाण्यात होता, हे तिला सहन होईना. तेव्हापासून त्याने अदमासाने वेळ सांगणं सोडून दिलं. निघण्याआधी तो रस्ता विचारायचा, नाले मोजायचा, बैल कोणाचे आहेत ते बघायचा आणि मगच वेळ सांगायचा. सांगितली की पाळायचा. साहेबलोकांना वाटे की हा माणूस सरकारच्या कामाला फार चोख आहे. तो बायकोच्या जेवणाला चोख होता.

त्यांना एकच मुलगी, वच्छला. चौथीपर्यंत ती माझ्या हाताखाली शिकली. तिच्या हुशारीचं थोडं श्रेय मी घेतो आणि कोणी देत नसलं तरी घेतो. पुढे ती नागपूरला नर्सिंग शिकली, तिथल्याच मोठ्या दवाखान्यात लागली, आणि छपन्न साल संपता संपता तिचं नाव लंडनला जाणाऱ्या चार नर्सबायांत निघालं. दीड वर्षाचं शिक्षण होतं. जायचं होतं बोटीने. पण तिकडे सुएझच्या कालव्यावरून लढाई जुंपली, कालवा बंद पडला आणि बोटींना सगळ्या आफ्रिकेला वळसा घालावा लागायला लागला. शेवटी वरून हुकूम आला की बायांना विमानाने पाठवा.

हे सगळं वच्छलाच्या पत्रात होतं. जानेवारीतल्या एका सकाळी मी ते मुखरूभाऊच्या अंगणात वाचून दाखवलं. पत्र वाचायचं म्हणजे मी नीट बसून, चष्मा पुसून वाचतो. शेजारचा लटारू मध्येच विचारू लागला की विमानात धान्य दळून नेतात की तिकडेच घेतात. मी त्याच्याकडे बघितलं, तसा तो गप्प झाला. पत्रात लिहिलं होतं की विमान शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मुंबईच्या सांताक्रूझहून उडेल. वाटेत बैरूत, रोम आणि जिनिव्हा या तीन गावी उतरून दीड-दीड तास थांबेल. समोरचा वारा धरून तासाला अडीचशे मैल जाईल आणि रविवारी दुपारी बारा वाजता लंडनला पोचेल. खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं, ‘आईले उपास करू देऊ नका.’

ते लिहिण्याला कारण होतं. दिवाळीनंतर रुखमाबाईला हिवतापाने धरलं होतं. ताप गेला, पण अंगात काही उरलं नव्हतं. एकदा विहिरीवर चक्कर येऊन पडली. चामोर्शीच्या कंपाउंडरने गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की दुपारची गोळी जेवणावरच घ्यायची. ती चुकली तर ताप उलटेल, आणि उलटला तर या अंगात तो झेपायचा नाही.

पत्र संपलं. रुखमाबाईने ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही असा चेहरा केला आणि नवऱ्याला विचारलं, “पोरगी किती वेळ वर राहीन?”

उत्तर मी दिलं. विचारलं कोणाला हे मी पाहत नाही, माहीत असलं की सांगतो. संध्याकाळच्या सहापासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या बारापर्यंत, अठरा तास. बोटांवर मोजता येण्यासारखा हिशेब होता. लटारूने मान डोलावली. मुखरूभाऊने डोलावली नाही. त्याने विचारलं की मुंबई आणि लंडन या दोन गावांमधलं अंतर किती?

ते मला माहीत नव्हतं. पण शाळेत तालुक्याच्या जनपद सभेने पाठवलेला पृथ्वीचा गोळा होता, बैलगाडीतून येताना दक्षिण अमेरिकेपाशी थोडा चेपलेला. दुपारी मुखरूभाऊ गोधडी शिवायचा दोरा घेऊन शाळेत आला. मुंबई, बैरूत, रोम, जिनिव्हा, लंडन, अशी गावं मी बोटाने दाखवत गेलो आणि तो दोरा ताणत गेला. दोरा कापून त्याने मला विचारलं की सगळी पृथ्वी कमरेतून किती आहे? मी सांगितलं, पंचवीस हजार मैल. मग त्याने तोच तुकडा गोळ्याच्या कमरेला लावून मोजायला सुरुवात केली. पाच वेळा बसला आणि वर दोन बोटं उरली. म्हणजे पाच हजारांना थोडे कमी, पावणेपाच हजार मैल. गणित येत नसलेल्या माणसाने केलेलं ते गणित पोरं टकामका बघत होती. मला फार अभिमान वाटला आणि थोडा रागही आला.

पुढचा भागाकार मी फळ्यावर करून दिला. अडीचशेने भागले तर एकोणीस तास. तीन ठिकाणचे थांबे मिळून साडेचार. एकूण साडेतेवीस.

“मंग मधातले साडेपाच तास गेले कुठी, गुरुजी?” मुखरूभाऊने विचारलं.

आता खरं म्हणजे मी इथे थांबून विचार करायला हवा होता. पण वर्गात पस्तीस पोरं बसलेली होती. मी म्हटलं की कंपनीने छापलेली वेळ आहे, ती काय चुकेल? तुझा दोरा ढिला असेल, गोळा चेपलेला आहे. त्याने एकदा दोऱ्याकडे पाहिलं, तो बोटाला गुंडाळला आणि निघून गेला. संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. शिकलेल्यांचा म्हणजे माझा तट अठरा तासांचा, आणि बाकी गाव साडेतेवीसचं. लटारू सकाळी माझ्याकडे होता तो दुपारून तिकडे गेला. रुखमाबाई अर्थात नवऱ्याच्या तटात होती. तिने जाहीर करून टाकलं की शनिवारी दिवस मावळला की तोंड बंद, आणि रविवारी दिवस मावळायला येईल तेव्हा उघडायचं. दुपारच्या गोळीचं विचारलं तर म्हणाली, गोळी काय, रोजच आहे.

तो आठवडा मुखरूभाऊने फार वाईट काढला. बायकोला समजावायला गेला, उपास मी धरतो म्हणाला, तर ती त्यालाच नाल्याच्या पुराची आठवण द्यायची. कंपाउंडरला पुन्हा विचारून आला. तो म्हणाला की एक वेळ पाण्यावाचून राहणंसुद्धा या बाईला भारी पडेल, बारा वाजेपर्यंत कसंबसं चालेल, त्यापुढे माझी जबाबदारी नाही.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटता सुटता मुखरूभाऊ आला आणि पोरं जाईपर्यंत दाराशी थांबून राहिला. मग आत येऊन त्याने मला एका जुन्या साहेबाची गोष्ट सांगितली. हा मोजणीचा साहेब जंगलात दोन घड्याळं बाळगायचा. एक रेल्वेच्या वेळेचं, दुसरं दिवसाच्या वेळेचं. तंबूपुढे तो काठी रोवायचा आणि काठीची सावली सगळ्यांत आखूड झाली की ओरडायचा, झाले बारा. मुखरूभाऊ तेव्हा रेल्वेचं घड्याळ धरून उभा असायचा. त्यात बारा कधीच वाजून गेलेले असायचे, वर पंधरा-वीस मिनिटं. त्याने एकदा विचारलं की दोघांत खोटं कोण? साहेब हसला आणि म्हणाला की खोटं कोणीच नाही. रेल्वेचं घड्याळ उगवतीकडच्या मुलखाच्या दुपारवर लावलं आहे. दिवस आधी तिकडे डोक्यावर येतो, मग इकडे.

एवढं सांगून मुखरूभाऊ थांबला. मग म्हणाला, “गुरुजी, लंडनचे बारा अन् आपले बारा एकच होत काय?”

मी खुर्चीवरून उठलो आणि पुन्हा बसलो. भूगोल मी दरवर्षी शिकवत होतो. पंधरा अंशाला एक तास, हे पोरांकडून घोकून घेत होतो, चुकलं तर अंगठे धरायला लावत होतो. गोळा पुढे ओढला. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेघेवरचं, लंडन शून्यावर. भागाकार केला. साडेपाच तास. लंडनला दुपारचे बारा वाजतील तेव्हा पिपरटोल्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील. हरवलेले तास सापडले होते, मिनिटालाही कमी नाहीत. जो दोरा मी ढिला म्हटला तो बरोबर होता आणि मी पस्तीस पोरांसमोर चुकलो होतो.

माझ्यात दोष पुष्कळ आहेत, पण चूक कळल्यावर लपवत नाही. मी म्हटलं, चला, आत्ताच चावडीवर जाऊन सांगतो. चप्पलही घातली. मुखरूभाऊ मात्र जागचा हलला नाही. तो फळ्याकडे बघत बसला होता. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद झाला असेल. पण त्याचं तोंड तसं दिसेना.

“तुमी अठरा सांगितले,” तो म्हणाला. “ते अठराच राहू द्या. दुपारी तिले जेवू द्या.”

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्याला म्हटलं की गाव तुला हसेल. चाळीस वर्षांत तुझं माप चुकलं असं कोणी म्हटलेलं नाही. त्यावर तो म्हणाला की लोक काय चार दिवस हसतील, लोकांना कामं आहेत. त्याला लोकांची काळजी नव्हतीच. त्या पुरानंतर ज्या बाईला कधी चुकीची वेळ सांगितली नाही, तिला आता जाणूनबुजून चुकीची सांगायची होती, आणि तीही पोरगी आभाळात असताना. ते त्याला जड जात होतं. शाळेच्या पायऱ्या उतरताना त्याने दोन वेळा मागे वळून गोळ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहील आणि विचार बदलेल अशी मला भीती वाटली, पण तो गेला.

त्या संध्याकाळी चावडीवर, रुखमाबाई समोरच्या ओट्यावर तांदूळ पाखडत बसली असताना, मुखरूभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला, “गुरुजीचंच बराबर निंगालं. माही दोरी ढिली होती.” मग लटारूने सुरुवात केली. म्हणाला, बाप्पा, आता माझ्या शेताच्या धुऱ्याची मोजणीही पुन्हा करावी लागेल. दुसरा म्हणाला की मार्कंड्याचं देऊळ आहे तिथेच आहे ना, ते जरा बघून या. मुखरूभाऊ सगळ्यांबरोबर हसत राहिला. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण चार जणांनी “गुरुजी ते गुरुजीच” म्हटलं तेव्हा खोटं माहीत असूनही मला बरं वाटलं. रुखमाबाईने सुपातून मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि अठरा तर अठरा म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी सहाला तिने चूल विझवली आणि देवापुढे दिवा लावला. मुखरूभाऊने आभाळात बघितलं. सांताक्रूझ तिथून पाचशे मैल होतं, दिसणार काय? तरी आम्ही पाच-सात जण पश्चिमेकडे बघत उभे राहिलो. लटारू म्हणाला की उडालं असेल आता. त्यावर मुखरूभाऊने त्याला ऐकवलं की उडायच्या आधी ते जमिनीवर पळतं, दोन मिनिटं थांब.

रविवारी दुपारी माझ्या घड्याळात बारा वाजले. हे घड्याळ मी दर सोमवारी चामोर्शीच्या पोस्टात जाऊन लावून आणायचो. मी स्वतः त्याच्या अंगणात जाऊन सांगितलं, झाले बारा. एवढं खोटं मला बोलावं लागलं नाही, बारा तर वाजलेच होते. रुखमाबाईने भात, वरण आणि वांग्याची भाजी केली होती. तिचे ओठ सुकलेले होते. मुखरूभाऊने तिला स्वतः वाढलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, तिने गोळी गिळलेली पाहिली, आणि तिने विचारायच्या आत सांगून टाकलं की मला गुरुजींकडे जेवायला बोलावलं आहे.

बोलावलेलं होतंच. कलाबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, दोन पाटही मांडले होते. पण त्याने पाटाकडे पाहिलं नाही. माझ्या ओसरीवर खांबाला टेकून बसला. पाणी घेतलं नाही, विडी काढली नाही. काल संध्याकाळपासून त्याच्याही तोंडात काही गेलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. घरात कोणीतरी एकाने धरायचं, एवढीच रीत होती. बायकोने बाराला सोडलं ते उरलेलं त्याने धरलं होतं. मी मात्र एक वाजता जेवलो. उगाच कशाला खोटं लिहू? भूक मला सोसत नाही आणि कलाबाईच्या हातचं थंड केलेलं कोणी खात नाही. पण आत बसून जेवताना दर घासाला माझी नजर ओसरीकडे जात होती, हेही तितकंच खरं आहे.

दर थोड्या वेळाने तो विचारायचा, किती झाले? मी सांगायचो. दोनला तो म्हणाला की रोम मागे पडलं असावं. साडेतीनला त्याने विचारलं की जिनिव्हाला डोंगर आहेत काय? मी म्हटलं, आहेत, बर्फाचे. ते मी उगाच सांगितलं. पुढचा अर्धा तास तो नुसता बोटं मोडत राहिला. मला आयुष्यात एवढा लांब रविवार आठवत नाही.

पोचल्याची तार आम्हाला बुधवारी मिळाली. सुखरूप पोचले, एवढाच मजकूर होता. गावाला खरं काय ते मी होळीला सांगितलं, आणि तोवर मुखरूभाऊने लटारूचं सगळं निमूट ऐकून घेतलं. मी सांगितल्यावर लटारूने त्याच्या पाया पडायचं नाटक केलं आणि धुऱ्याची मोजणी पुन्हा करायची नाही असं कबूल केलं. माझं काय झालं ते विचारू नका. चौथीतला एक पोरगा मला भर वर्गात म्हणाला की गुरुजी, आता तुम्ही अंगठे धरा.

पण त्या रविवारचं सांगतो. सव्वापाच झाले होते. ऊन अंगणात तिरपं आलं होतं. वाटेवर रुखमाबाई येताना दिसली. हळूहळू, थांबत थांबत चालत होती, पण तोंडावर तरतरी होती. डोक्यावर टोपली, टोपलीवर फडकं. मुखरूभाऊ गडबडून उठला आणि मला खुणेने सांगू लागला की मी जेवलो म्हणून सांगा. मी तोंड उघडलं, पण रुखमाबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ओसरीवर येऊन तिने टोपली उतरवली आणि फडकं काढलं. ताट होतं, भात, वरण, वांग्याची भाजी, आणि पाण्याने भरलेला तांब्या.

तिने मला वेळ विचारली. मी सांगितली, पाच वाजून वीस मिनिटं. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. रोजचं काही सांगावं तशी बोलली.

“माप चुकलं असतं तं तुमी शुक्रवारी रातभर झोपले नसते. तुमी तं घोरत होते.”

मुखरूभाऊ खाली बघत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने हा एकच डाव टाकला होता आणि तो पहिल्याच रात्री फसला होता. मग त्याने विचारलं, “मालूम होतं, तं मंग तू जेवली काऊन?”

“मले जेवू घालासाठी तुमी चाळीस सालाचं नाव घालवलं,” रुखमाबाई म्हणाली. “अन् मी ते ताट परत करू काय? घास उतरत नोता. तरी जेवली.”

मग तिने भात कालवला, अगदी लहान मुलासाठी कालवतात तसा, आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. मुखरूभाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला वाटलं, आपण आत जावं. पण घड्याळ माझ्याकडे होतं, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. काटा साडेपाचवर आला. मी सांगितलं. रुखमाबाईने हात जोडले, डोळे मिटले आणि उघडले.

“पोरगी उतरली,” ती म्हणाली. “जेवा आता.”

मुखरूभाऊने घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. म्हणाला की उतरल्यावरही ते पळतं, एकदम थांबत नाही, पाच मिनिटं जाऊ दे. रुखमाबाई त्याच्या जवळ सरकून बसली आणि आम्ही तिघेही घड्याळाकडे बघत राहिलो. पाच मिनिटं झाल्यावर मी मान हलवली, आणि तो जेवायला लागला.